जैसे थे

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, वारसा समितीचे झाडून सगळे सभासद, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आपले जतन अधिकारी साहेब, त्यांच्या सौभाग्यवती, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून खिडकीच्या कट्ट्यांवर बसलेल्या माझ्या शेजाऱ्यांनो! त्या कट्ट्यांवर बसायला खरं तर मनाई आहे. पण बसा. साहेब आज कुणाला उठवणार नाहीत.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्यापुढे छापलंय, 'यजमानांच्या वतीने दोन शब्द'. अगदी बरोबर छापलंय. या वास्तूचे मालक ते यजमान, आणि माझेही यजमान तेच. ते वर आहेत. या दिवाणखान्याच्या बरोबर वर त्यांची खोली. पहिल्या रांगेतली ती रिकामी खुर्ची आमच्या जाऊबाईंची, त्या जरा कामात आहेत, येतील. आणि मधूनमधून ठकठक ऐकू येतेय, तिकडे लक्ष देऊ नका. जुनं घर आहे, काही ना काही वाजतच असतं.

तर साहेबांविषयी. आपल्या भागातल्या जुन्या वास्तू आज उभ्या आहेत त्या कुणामुळे? घड्याळाचा मनोरा पाडून तिथे गाड्यांचा तळ करायचा घाट घातला होता, आठवतंय? साहेब मनोऱ्याच्या पायरीवर जाऊन बसले. "आधी मला उचला," म्हणाले. टपाल कार्यालयाचं लोखंडी छत भंगारात निघालं होतं, ते त्यांनी वाचवलं. असा माणूस लाखात एक. हे मी तोंडदेखलं बोलत नाही. मला तोंडदेखलं बोलताच येत नाही, माझ्या शिवणाच्या वर्गातल्या मुलींना विचारा.

आमच्या घराचं नाव वारसा यादीत लागलं त्या दिवशी आम्ही अख्ख्या गल्लीला चहा पाजला. दारावर पितळी पाटी लागली. यजमान रोज सकाळी ती पुसायचे आणि मग बाहेर पडायचे. पोस्टमन होते ते, तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या दारात आलेत. पायाला नुसती भिंगरी. निवृत्त झाल्यावरही टपालाच्या वेळेला गावभर एक फेरी मारून यायचे. मी म्हणायची, "अहो, आता कुणाची पत्रं?" तर म्हणायचे, "पत्रं नाहीत, पण दारं ओळखीची आहेत ना."

अध्यक्ष महोदय घड्याळ बघतायत. दोनच मिनिटं हं. भाषण करणाऱ्या बाईची दोन मिनिटं कशी असतात ते तुम्हाला घरून माहीत असेलच.

मग एके दिवशी यजमान सकाळी उठले आणि पाय उठेनात. वर यायला आमच्याकडे एकच जिना, गोल, लोखंडी. पाहुणे त्याचे फोटो काढतात. चौघांनी त्यांना चादरीत घालून खाली नेलं, दवाखाना झाला, वर आणताना वळणावर एकाचा पाय सटकला आणि यांचं कोपर मोडलं. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा असला खेळ नको." टेप माझ्या गळ्यात कायमचाच. मी जिना मोजला, चाकाची खुर्ची मोजली. खुर्ची रुंद. कापड असतं तर दोन चुण्या घातल्या असत्या.

आता तुम्ही म्हणाल, दुसरा जिना नाही का? आहे की! भिंतीपलीकडे जाऊबाईंच्या बाजूला चांगला ऐसपैस, सरळ लाकडी जिना आहे, थेट रस्त्यावर उतरतो. घर मुळात एकच. आमचे आजेसासरे आणि त्यांचे धाकटे भाऊ एकदा कशावरून तरी भांडले. कशावरून ते कुणालाच ठाऊक नाही. पण त्या रागात वरच्या बोळात भिंत घातली गेली. घाईत घातलेली, वेडीवाकडी, गिलावासुद्धा एकाच बाजूला. भांडणारे गेले, भांडण गेलं. मी आणि जाऊबाई खिडकीतून एकमेकींना वाट्या देतो. जावा-जावांचं इतकं पटतं म्हणून लोकांना शंका येते! राहिली ती फक्त भिंत.

म्हणून मी समितीकडे अर्ज केला. ही भिंत काढू द्या, म्हणजे माझा माणूस त्या जिन्याने खाली येईल. साहेब स्वतः आले. भिंतीवर बोटाने टकटक केली, कान लावला. विटेचा आवाज कसा, दगडाचा कसा, पोकळीचा कसा, हे मला त्यांनीच शिकवलं. दोघं जुने मित्र, यजमानांच्या उशाशी बसून चहा घेतला. आणि अर्जावर लिहिलं, 'जैसे थे'. ती भिंत म्हणे या वास्तूच्या इतिहासाचा भाग आहे. म्हणजे दोन भाऊ रागावले, तो राग आता संरक्षित!

मी पुन्हा अर्ज केला. पुन्हा जैसे थे. एकदा मी साहेबांना अडवून विचारलं, "साहेब, तुमचा मित्र आहे ना तो?" तर म्हणाले, "वहिनी, एका भिंतीला हो म्हटलं तर उद्या प्रत्येक जण आपापली भिंत घेऊन येईल. माझे हात बांधलेत हो." खाली मान घालून म्हणाले. मला त्या मानेचाही राग आला. आज सत्काराच्या दिवशी सांगते, साहेब, मला तुमचा फार राग आलेला आहे. तुमच्यावर माया आहे, आणि राग आहे. दोन्ही जैसे थे.

आमच्या घरात तो शब्दच होऊन बसला. डॉक्टर विचारतात, "कसं वाटतंय?" हे म्हणतात, "जैसे थे." मी विचारते, "खिडकीतून काय दिसतं?" "जैसे थे." मागच्या थंडीत छातीत कळ आली तेव्हा रुग्णवाहिकेची माणसं आली, जिना बघितला आणि एकमेकांची तोंडं बघत उभी राहिली. डॉक्टरांनी वरच काय ते केलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "या वेळी निभावलं. पुढच्या वेळी दवाखान्यात न्यावंच लागेल." हे आतून ऐकत होते. मला म्हणाले, "काळजी करू नकोस. मला शेवटचं खाली नेतील ना, तेव्हा उभं करून न्या. उभा मी मावतो."

हसू नका हो. म्हणजे हसा, तेही हसले होते. मी मात्र त्यानंतर या घरात नीट श्वास घेऊ शकलेली नाही. पाटी मी अजूनही पुसते. कधी कधी वाटतं, तुरुंगाच्या दारावरही अशीच पितळी पाटी असेल.

अध्यक्ष महोदय, घंटी वाजवू नका. आभार झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही, असा शिष्टाचार आहे ना? मग बसा सगळे. मी मुद्दामच लांबवतेय.

साहेब, तुम्ही मघापासून छताकडे बघताय. तुम्हाला विटेचा आवाज ओळखता येतो, मला ठाऊक आहे. हो. तीच. पलीकडून जाऊबाई आणि दोन गवंडी आहेत. अख्खी समिती खाली, साहेब आज निवृत्त, नवे साहेब अजून यायचेत. यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला? आणि समितीला भिंत परत हवी असेल तर रीतसर अर्ज करा. अर्जावर काय शेरा मारायचा, ते साहेबांनी आपल्याला शिकवून ठेवलंच आहे.

ऐकलंत? थांबलं. ठकठक थांबली.

पडली वाटतं.

साहेब, उठलात? बसा ना, सत्कार तुमचा आहे. कुठे निघालात? साहेब, अहो, पुढच्या दाराची ती दुसरी फळी उघडायची नसते. बिजागरी जुनी आहे. 'उघडू नये' ही पाटी तुम्हीच लावलीत!

उघडली. बाई गं. रस्ता दिसतोय अख्खा. साहेब, बरोबर आहे, तिकडून रस्त्यावर उतरून इथे आत यायचं तर एका फळीतून खुर्ची आली नसती. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तर, समितीने हा समारंभ आमच्या घरी ठेवला, तुम्ही वेळ काढून आलात, इतकं मुकाट्याने ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. साहेबांना उदंड आयुष्य लाभो, आणि ते त्यांनी पायी हिंडून घालवावं. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. भिंतीची माफी मी मागत नाहीये. आता जरा सरका, मधली वाट मोकळी करा.

यजमान येतायत.