एकाच कुकरची साखर

योगिनी : हसू नका अप्पा. डोंबिवलीहून बाळकुमला मी काय हसायला आलेय? सोमवारी शुगर एकशे पंचवीस, मंगळवारी तीनशेच्या वर, बुधवारी परत एकशे वीस. काय चाललंय हे?

सीताराम : शेअर बाजार. तुझा नवरा तेच बघत बसतो दिवसभर, त्याला कधी डोळे वटारत नाहीस.

जाईबाई : चहा घे गं आधी. बिनसाखरेचा आहे. या घरात माणसं सोडून सगळं बिनसाखरेचं झालंय.

योगिनी : आई, तू यांना पाठीशी घालू नकोस. डॉक्टर चिडलेत. साखर अशी सारखी खालीवर होत राहिली तर किडनी, डोळे, पायाच्या नसा, सगळ्याची वाट लागते म्हणाले. संध्याकाळी नौपाड्याला बोलावलंय. इन्सुलिन सुरू करणार.

सीताराम : म्हणजे सुई? रोज?

योगिनी : नाही, गुलाबपाणी शिंपडतात.

सीताराम : जाई, सांग की तिला.

जाईबाई : मी कशाला सांगू? अक्कल तुमची होती.

योगिनी : मीच सांगते. जिलेबी.

सीताराम : नाव काढू नकोस! फोटोतसुद्धा बघितलेली नाही. रोज कारल्याचा रस पितोय. आता तोंड उघडलं की कारलंच बाहेर येतं.

योगिनी : ते आधीपासून येतंय.

जाईबाई : अगं, बोट टोचताना हे असे बोंबलतात ना, की समोरच्या ऋतिकाने दार वाजवलं. म्हणते, काकी, काकांना मारता की काय? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. म्हणून मग एक दिवस यांचं बोट, एक दिवस माझं.

योगिनी : काय?

जाईबाई : माझं बोट टोचायचं. मशीनला काय कळतंय कुणाचं ते?

योगिनी : आणि त्याचा फोटो काढून अप्पांची शुगर म्हणून मला पाठवायचा?

सीताराम : बायकोला अर्धांगिनी म्हणतात की नाही? मग अर्ध्या टोचण्या तिच्या.

जाईबाई : आणि एकाच कुकरचं खातो गं आम्ही. भात तोच, डाळ तीच, मीठ तेच. साखर काय वेगळी असणार?

योगिनी : धन्य आहात दोघं! अहो, त्या आकड्यांवरून डॉक्टर औषध ठरवतात. नको असताना इन्सुलिन घेऊन तुम्ही बेशुद्ध पडला असतात, तर दुसऱ्या दिवशी फोटो कुणी पाठवला असता?

सीताराम : हिने. हिच्या बोटाचा.

योगिनी : थांबा. मंगळवारचं बोट कुणाचं होतं?

सीताराम : सोमवारी माझं. बुधवारी माझं. मंगळवारी...

जाईबाई : मंगळवारी माझा उपास असतो ना, साबुदाण्याची खिचडी खाल्लेली. त्याने आलं असेल.

योगिनी : फोटो भल्या सकाळचा आहे आई. खिचडी काय स्वप्नात खाल्लीस? बोट दे इकडे.

जाईबाई : मला काय धाड भरलीय?

(योगिनी आधी आईचं बोट टोचते, मग अप्पांचं. या खेपेला अप्पा ओरडत नाहीत.)

योगिनी : अप्पा एकशे चाळीस.

सीताराम : आणि हिची? बोल की.

योगिनी : तीनशे बारा.

जाईबाई : मशीन बिघडलंय.

सीताराम : माझ्या बोटाला बरं चाललं ते?

योगिनी : आई, तुझी शुगर शेवटची कधी तपासलेली?

जाईबाई : माझी कशाला तपासायची? पेशंट हे आहेत.

सीताराम : आणि पायाला ती चिंधी कसली बांधलीयस?

जाईबाई : काही नाही हो. गणपतीला फुलं आणायला कल्याणच्या मार्केटात गेलेले, तेव्हा चप्पल चावली.

योगिनी : गणपतीत? आई, दिवाळी होऊन गेली! अजून बरं झालं नाही? दुखत नाही ते?

जाईबाई : अजिबात नाही. तेच तर सांगतेय. दुखलं असतं तर मी गप्प बसले असते का?

योगिनी : मला भीती वाटतेय गं. संध्याकाळी डॉक्टरांकडे तू यायचंस. अप्पा, तुम्ही खाली का बसताय?

सीताराम : जाई, पाय इकडे घे.

जाईबाई : अहो, हे काय! पायाला हात लावू नका माझ्या. पाप लागेल मला.

सीताराम : आयुष्यभर तुझ्याकडून पाय चेपून घेतले, ते पाप कुणाला लागलं? घे इकडे. डोळे मीट.

जाईबाई : पोरीसमोर काय ही नाटकं! मिटले बाई.

सीताराम : आता मी अंगठ्याला हात लावला की सांगायचं.

जाईबाई : हं.

योगिनी : आई...

जाईबाई : तू मध्ये बोलू नकोस गं. अहो, लावा ना! इथेच संध्याकाळ करणार आहात का?

सीताराम : लावलाय गं. मघाशीच.