रिजल्टच्या दिवशीची गोळी

सुमन : विचार तुह्या बापाले! परवापासून बीपीची गोळी बंद आहे. काल ड्युटीवर, पाण्याच्या टाकीजवळ चक्कर आली. साहेबानं माणूस संग देऊन घरी धाडलं.

मनोहर : ऊन होतं.

प्रतीक : बाबा, काहून सोडली गोळी?

मनोहर : सोडली नाई, थांबवली. आज तुह्या पीएससीच्या मेन्सचा रिजल्ट आहे ना, तो लागू दे.

प्रतीक : त्याचा अन् गोळीचा काय संबंध?

मनोहर : आहे. बीएस्सीच्या रिजल्टच्या दिवशी गोळी विसरलो, तू पास. एमएस्सीच्या वक्ती मेडिकल बंद होतं, तू पास. गेल्या साली मेन्सच्या रिजल्टले तुह्या मायनं जबरदस्तीनं गोळी दिली. झाला का पास?

सुमन : घ्या, आलं माह्यावर!

प्रतीक : श्रीधरकाका जामसांवलीच्या मारुतीले नवस बोलले, तर तुमी हसले होते त्यायले.

मनोहर : मी कुठं नवस बोललो? धागा नाई बांधला, नारळ नाई फोडला. विहारात सांगतात ना, अनुभवानं पाहा अन् मंग माना. पाहिला अनुभव.

प्रतीक : हा योगायोग आहे, बाबा. स्टॅटिस्टिक्समधे मी हेच शिकलो. पाहा, पांढुर्ण्यात मोमोजच्या गाड्या वाढल्या, अन् चष्म्याची दुकानंही वाढली. मंग मोमोजनं डोळे जातात का?

मनोहर : जात असतीन. मैदा असते.

प्रतीक : बरं. तिकडं तिगाव स्टेशनवर रेल्वेगाड्या लेट होऊन राहिल्या, अन् इकडं सौसरात ब्युटी पार्लर वाढून राहिले.

मनोहर : बायका टायमावर तयारच होत नाईत, गाडी काय करन?

सुमन : तुमी गप बसा अन् गोळी घ्या.

प्रतीक : पेपर कवाचा लिहून झाला, तपासून झाला. आज गोळी घ्या का नका घेऊ, त्यातलं एक अक्षर बदलत नाई.

मनोहर : समजते मले.

प्रतीक : मंग?

मनोहर : समजते, पण हात पुढं जात नाई. फॉर्म तू भरला, अभ्यास तू केला, पेपर तू लिहिला. माह्या हातात एवढंच होतं रे.

सुमन : अन् तुमाले काई झालं, तर हा अफसर होऊन काय करन? धरा. हे पाणी.

(मनोहर गोळी घेतो.)

मनोहर : घेतली. गेला आता रिजल्ट.

प्रतीक : थांबा, लागला वाटते. पीडीएफ खुलून राहिली... बाबा, माहा नंबर आहे!

सुमन : खरं सांग!

मनोहर : दाखव. आहे व, सुमन, आहे! गोळी पोटात गेली अन् लगेच रिजल्ट. म्हणजे मी उलटंच धरून बसलो होतो. गोळीनंच होते. उद्यापासून रोज दे मले. इंटरव्ह्यू बाकी आहे अजून, एक दिवस चुकवू नको.

सुमन : अन् गेल्या सालचं?

मनोहर : गेल्या साली तू चहासंग दिली होती.

सुमन : प्रतीक, सांग ना त्यायले, तुह्या त्या स्टॅटिस्टिक्समधलं.

प्रतीक : राहू दे, आई. बाबा बरोबर म्हणून राहिले. पाण्यासंगच देत जा, रोज.