बिल्ला नसलेला माणूस

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मंडळीचे वडीलजन, शेजारच्या मंडळीतून मुद्दाम आलेले पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती पाळकसाहेब, त्यांच्याइतक्याच झिजलेल्या पाळकीणबाई, माझ्या गायनमंडळातली माणसं, उपासनेच्या या घरात जमलेल्या सर्व बंधुभगिनींनो, आणि बाहेर पायरीवर बसलेले एक गृहस्थ.

माना वळवू नका, ते नेहमीच्याच जागी आहेत. दार मीच उघडं ठेवायला सांगितलंय. वारा येतोय ही तक्रार अध्यक्षांनी मघाशी माझ्या कानात केली, पण ज्यांना गार लागत असेल त्यांनी आजच्या दिवस सोसावं ही विनंती.

गायनमंडळाच्या वतीनं निरोपाचे दोन गोड शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. मी शाळेत शिकवते आणि रविवारी इथे गाणं बसवते, त्यामुळे गोड बोलायची सवय मला कुठल्याच जागी लागली नाही. तरी खोटं बोलायला उभी नाही, म्हणून आधी चांगलं सांगते. आमची आई अंथरुणाला खिळली तेव्हा पाळकसाहेब रोज येत. एकदा उपदेश चालू असताना वीज गेली, माइक बंद पडला, तर हे तसेच आवाज चढवून बोलत राहिले आणि मागच्या बाकावरच्या ठार बहिऱ्या काकांनासुद्धा त्या दिवशी पहिल्यांदा उपदेश ऐकू आला. कष्टाळू माणूस, वेळेचा पक्का. हे सगळं माझ्या नावावर लिहून घ्या, कारण यापुढचं ऐकल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

पाहुण्यांसाठी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात पाळकसाहेब एकेकाला कार्यालयात बोलावतात आणि विचारतात, ‘तुम्ही देवानं निवडलेल्यांपैकी आहात, याची तुम्हाला खात्री आहे का?’ आपण म्हणायचं, ‘होय, त्याच्या कृपेनं.’ मग ते ड्रॉवर उघडून पितळेचा एक बिल्ला देतात. कोटाच्या बटणाएवढा, एका बाजूला प्याला कोरलेला. तो रविवारी भोजनाच्या टेबलावर ठेवला की भाकर आणि प्याला मिळतो. बिल्ला नाही तर भोजन नाही.

हे बिल्ले कुणी केले, ठाऊक आहे का पाहुण्यांना? जुने झिजून गुळगुळीत झाले होते, तेव्हा माझ्या थोरल्या भावानं आपल्या कारखान्यातल्या लेथवर नवे कातले. म्हाताऱ्या बायकांच्या बोटांना टोचू नयेत म्हणून प्रत्येकाची कड हातानं घासली. काही जास्तीचे निघाले, ते आमच्या घरी डब्यात पडलेत. नंतरच्याच भोजनाच्या आधी दादाला कार्यालयात बोलावणं आलं.

मी तिथे नव्हते, पण संध्याकाळी तो मोरीत हात धूत होता तेव्हा त्यानं सांगितलं. पाळकसाहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. दादा म्हणाला, ‘मला ठाऊक नाही. ते देवालाच ठाऊक.’ त्यावर पाळकसाहेबांनी ड्रॉवर ढकलून बंद केला आणि म्हणाले की, ज्याला खात्री नाही त्याच्यात निवडीची खूण मला दिसत नाही. मी दादाला वेड्यात काढलं. अरे, होय म्हणायला तुझं काय जात होतं? त्यानं मला विचारलं, तू काय म्हणालीस? मी म्हटलं, होय. तर टॉवेलला हात पुसत तो म्हणाला, ‘तुला कसं कळलं?’

पाळकसाहेब, तुम्ही त्याला देवळात यायला कधीच मनाई केली नाही, हे मला मान्य आहे. तुम्ही ते चारचौघांत पुष्कळदा सांगितलंतही. पण दादाचं म्हणणं असं की ज्या घरात मला पानावर बसायला जागा नाही, तिथे ओसरीवरच बरं. हट्टी आहे तो, आमच्या घराण्यात नरम माणूस शोधूनही सापडायचा नाही. तेव्हापासून तो त्या पायरीवर बसतो. आम्ही आत गातो आणि खालचा सूर बाहेरून येतो. नवीन माणसं मला विचारतात, बाई, तुमच्यात खर्ज कोण लावतं, दिसत नाही ते? मी काय सांगणार, कपाळ?

त्याच्या लेकीचं लग्न इथेच लागलं. बापानं तिला त्या दारापर्यंत आणलं, उंबऱ्यापाशी थांबला आणि तिचा हात माझ्या हातात दिला. तिला घेऊन मी आत चालत आले. तुम्ही इथे उभे होता, पाळकसाहेब. तुमची नजर दारावर होती, मी पाहिलं. एक हाक मारली असतीत तर तो आला असता. तुम्ही पुस्तक उघडलंत. त्या दिवसापासून तुमच्याविषयी माझ्या मनात राग आहे आणि तो मी आज तुमच्या तोंडावर सांगते, पाठीमागे पुष्कळ सांगून झाला.

अध्यक्ष महोदय, घड्याळ पाहू नका, संपवते.

कुणाला वाटेल, ही बाई निवडीच्या शिकवणीवरच उठली आहे. तसं मुळीच नाही. ती शिकवण मला यांनीच दिली आणि मला ती मनापासून पटली. देव सार्वभौम आहे, तो आपल्या मर्जीनं निवडतो, आपली लायकी पाहत नाही. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला केवढं हायसं वाटलं होतं. लायकीवर गेलं तर माझं काही खरं नव्हतं, माझ्या विद्यार्थ्यांना विचारा. तारण त्याच्या हातात आहे म्हणून तर आपण इथे येऊन गातो, नाहीतर कशासाठी गायचं? माझं भांडण एवढंच आहे की निवड त्याची म्हणता म्हणता तुम्ही त्याच्या खुर्चीत जाऊन बसलात. जे त्यानं कुणालाच सांगितलं नाही, ते तुम्ही तोंडी परीक्षा घेऊन ठरवायला लागलात. तोंडी परीक्षेत काय होतं ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? पाठ करून आलेली पोरं सुटतात आणि विचार करणारं पोर अडकतं.

उद्या पाळकसाहेबांची इथली शेवटची उपासना, आणि प्रभुभोजनही आहे. ते नव्या गावी जातील, नवे पाळक येतील, त्यांना हा पायरीवरचा माणूस म्हणजे कुणीतरी वाटसरू वाटेल. म्हणून आजच विचारते, सगळ्यांसमोर. पाळकसाहेब, माझा भाऊ निवडलेला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

मी थांबते. चहा गार झाला तरी चालेल.

नाही, पाळकीणबाई, तुम्ही नका बोलू. त्यांना बोलू द्या.

काय म्हणालात? जरा मोठ्यानं म्हणा, बाहेर ऐकू जायला हवं. वडीलजनहो, तो माइक त्यांच्याकडे सरकवा.

ऐकलं सगळ्यांनी? ‘मला ठाऊक नाही. ते देवालाच ठाऊक.’

पाळकसाहेब, तुम्ही खरं बोललात, त्याबद्दल तुमचे आभार. पण आमच्याकडे या उत्तरावर बिल्ला मिळत नाही. तुमच्याच ड्रॉवरची रीत आहे ती. घाबरू नका, मी तुम्हाला टेबलापासून उठवणार नाही. तो अधिकार माझा नाही. तुमचाही नव्हता.

या आठवड्यात मला मिळालेला बिल्ला मी इथे ठेवते. उद्या दादा आणि मी दोघं रिकाम्या हातांनी टेबलापाशी येऊ. भाकर तुमच्या हातात असेल. द्यायची की नाही, ते तुम्ही पाहा, आणि वरून तुमच्याकडे जो पाहतोय तोही पाहील.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, मध्येच खाली बसवलं नाही, याबद्दल त्यांची ऋणी आहे. आपण सर्वांनी गारठ्यात बसून ऐकून घेतलंत. बोलण्यात कुठे तोल गेला असेल तर पदरात घ्या. ज्या गोष्टी मी तोल सांभाळून बोलले, त्यांच्याबद्दल मात्र मी माफी मागत नाही. पाळकसाहेब, प्रवास सुखाचा होवो, हे मनापासून म्हणते, म्हणायला कठीण गेलं तरी.

दादा, ऐकलंस ना? त्यांनाही ठाऊक नाही. ऊठ, आत ये.

आणि पहिल्या रांगेतल्या ताई, माझ्या शेजारच्या खुर्चीवर माझी पर्स आहे. इतकी वर्षं दर रविवारी तिथेच असते. ती तेवढी उचला. तिथे माणूस बसणार आहे.