तिसऱ्या गाण्यातली टाळी

संघदीप : पूर्ण ऐकली गं माय, दोनदा. मूळ रेकॉर्डवर ती टाळीच नाही.

रुखमाबाई : कोणती टाळी? मुंबईहून आला तसा तेच घेऊन बसला. चहा थंडा होऊन राह्यला.

संघदीप : बाबांची अमेरिकेची कॅसेट आठवते? आपण वणीला खाणीच्या क्वार्टरात होतो तेव्हाची. सोल म्युझिक म्हणतात त्याला.

रुखमाबाई : ते बाई रडल्यावानी गाते अन् आपले पाय हालतात, तेच नं?

संघदीप : तीच. तिसऱ्या गाण्यात मागून टाळी पडते, जराशी उशिरा. ती ऐकूनच मी चाली बांधायला शिकलो. माझ्या प्रत्येक सिनेमात आहे ती.

रुखमाबाई : मंग बेस हाये नं.

संघदीप : कसलं बेस? नवं गाणं तिच्यावाचून अडलंय. चार वादक झाले, कोणाचीच बसत नाही. सोमवारी दिलं नाही, तर सिनेमा हातचा जातो. बाबा असते तर विचारलं असतं, कॅसेट आणली कुठून.

रुखमाबाई : आणली कायची, घरीच भरली. खाणीतल्या साहेबाची कॅसेट एक दिवसासाठी मांगून आणलती. आपला टेप अन् शेजारच्या लालसिंगचा टेप समोरासमोर ठेवले. एकात वाजे, दुसऱ्यात भरे.

संघदीप : मग घरातला आवाज आला असंल त्यात.

रुखमाबाई : म्हणून तं सगळ्याइले चूप बसवलं. पण प्लग सैपाकखोलीत. अन् तुया बाबाची खाणीत दुपारची पाळी. म्या म्हटलं, मी चूप बसतो, पण डबा कोण करन?

संघदीप : माय... डब्यात काय होतं?

रुखमाबाई : भाकर. दुसरं काय राह्यते?

संघदीप : थापत होतीस तू. गाण्यासोबत.

रुखमाबाई : हात जाये तिच्या मागं मागं. पण भाकर फिरवा लागते नं, म्हणून उशीर होये.

संघदीप : वीस वर्षं झाली, मुलाखतीत सांगतो की हे मी त्या बाईकडून शिकलो.

रुखमाबाई : खोटं कुठं हाये? म्याही तिच्यापासूनच शिकलो.

संघदीप : बाबांना कळलं होतं?

रुखमाबाई : लगेच. म्या म्हटलं, दुसऱ्यांदा भरा. तं म्हणे, राहू दे, आता हे कॅसेट आपल्या घरची झाली.

संघदीप : (बॅगेतून रेकॉर्डर काढत) पीठ आहे नं घरात?

रुखमाबाई : हाये. पण ते गाणं लाव आधी. त्या बाईबिगर माया हात तसा पडत नाही.