अलायनर घातले आणि भांडण मिटलं

शहरात छावणी भागातल्या दातांच्या डॉक्टरकडं मी दात सरळ करायला अलायनर लावले होते ना, ते पारदर्शक, काढता-घालता येणारे, तेव्हाचं सांगतो. नवा सेट घातला की दोन दिवस दात ठणकायचे आणि बोलताना ‘स’चा ‘श’ व्हायचा. नेमकं तेव्हाच गावाकडून, पिशोरहून बोलावणं आलं. माझ्या दोन काकांचं विहिरीच्या पाण्यावरून लई वाजलं होतं, वर्षभर बोलणं बंद. घरात वकिली जीभ माझीच, म्हणून मिटवायला मीच जायचं.

गेलो, आणि गप्प बसलो. दोघांनी आपापलं गाऱ्हाणं सांगितलं, मी नुसता ‘हं’ म्हणत राहिलो. तेवढ्यात काकूनं चहा आणला. चहा प्यायचा तर अलायनर काढावे लागतात, आणि ते निघतात लाळेच्या तारेसकट. चारचौघांत कसे काढणार? मी हातानंच नको म्हटलं.

थोरल्या काकांचा चेहरा उतरला. “आमच्या घरचा चहा बी नको?”

मी परत मान हलवली.

धाकटे काका हळूच म्हणाले, “दादा, आपलं मिटल्याबिगर हे पोरगं पाणी बी घ्यायचं नाय.”

थोरले त्यांच्याकडं वळले. “मग लाव की तू दिवसाआड मोटर. मी कुठं नाय म्हणतोय?”

वर्षानं दोघं बोलले ते असं. मी गुपचूप मागच्या दारी जाऊन अलायनर काढले आणि गार झालेला चहा प्यालो.

आता भावकीत माझं मोठं नाव झालंय. आणखी तीन भांडणं माझी वाट बघताहेत, आणि डॉक्टर म्हणतात, दात सरळ झाले, आता फक्त झोपताना घाला.