फितीआडची रिक्षा

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या प्रशिक्षण संस्थेचे चेअरमन माननीय विजयसिंहराव इंगवले साहेब, व्यासपीठावर विराजमान प्राचार्या संयोगिता मॅडम, सत्कारमूर्ती इमाम मुजावर सर, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी सुगराभाभी, माझे सहकारी आणि मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मोटार मेकॅनिकच्या प्रशिक्षणार्थींनो. मी बाळासो, या संस्थेचा भांडारपाल. अठरा वर्षांत मला माइक पहिल्यांदाच मिळालाय, तेव्हा तो जरा जास्त वेळ माझ्याकडं राहील. सोसून घ्यावं.

सरांबद्दल चार गौरवाचे शब्द बोला, असं मला सांगण्यात आलंय. ते माझ्या आधीच्या तीन वक्त्यांनी बोलून टाकलेत. सरांची शिस्त झाली, ग्रीसनं काळी पडलेली बोटं झाली, तीस वर्षांत वर्कशॉपमध्ये एकही अपघात नाही हेही झालं. दोघांनी तर इलेक्ट्रिक वाहनांच्या उज्ज्वल भवितव्यावरही बोलून घेतलं. ते ऐकताना इमाम सर खाली मान घालून बसले होते. का बसले होते, ते मला माहीत आहे, आणि ते सांगितल्याशिवाय आजचा पेढा माझ्या घशाखाली उतरायचा नाही.

या सभागृहाच्या बरोबर खाली, शेडमध्ये, एक इलेक्ट्रिक रिक्षा उभी आहे. पोरांना शिकवायला म्हणून एका कंपनीनं ती आपल्याला भेट दिली. त्याला चौदा महिने झाले. आली त्या दिवशीच तिला लाल फीत बांधली, कारण उद्घाटन व्हायचं होतं. ती फीत आजही जागेवर आहे. फक्त आता ती लाल राहिलेली नाही.

पहिली तारीख निघाली ती पितृपंधरवड्यात. म्हटलं, नको, पुढं ढकला. दुसरी ठरली, तर आचारसंहिता लागली. एक निवडणूक उरकली की दुसरीची आचारसंहिता दारात हजर. त्यानंतर कोनशिलेवर कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली, यावर तीन बैठका झाल्या. दगड दोनदा कोरून आणला. आता साहेब, रिक्षाला चाकं असतात. चाकं असलेल्या वस्तूला कोनशिला कुठं बसवायची, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. दगड भांडारात आहे. मी रोज त्याला ठेचकाळतो.

रिक्षाची चावीही माझ्याकडंच. इमाम सर दर सोमवारी यायचे. "बाळासो, चावी दे की. पोरांस्नी नुसतं उघडून दावतो." आणि मी म्हणायचो, "सर, उद्घाटन झाल्याबिगर न्हाय देता येत." शेवटी त्यांनी लेखी अर्ज केला, की महिन्यातून एकदा तरी चार्ज करू द्या, बॅटरी पडून पडून खराब होईल. मी लेखी उत्तर दिलं, 'उद्घाटनापूर्वी वापर नियमबाह्य आहे.' खाली सही माझी. नियम कुठला, ते मलाही ठाऊक नव्हतं.

बरं, तोवर कोल्हापूर थांबलं होतं का? शिवाजी पेठेत सकाळी दुधाला बाहेर पडलं, की पाठीमागनं आवाज न करता स्कूटर येते आणि धोतराला घासून जाते. डेअरीला जाणारा बॅटरीवर, क्लासला जाणारी बॅटरीवर, बाजाराला जाणारा बॅटरीवर. पण ती गाडी बंद पडली, की गल्लीतला मिस्त्री हात जोडतो, "पावणं, ह्येला मी हात लावत न्हाय, शोरूमला न्यावा." शोरूमवाला म्हणतो, पंधरा दिवसांनी या. गाड्या वाढल्या हो, दुरुस्तीचे हात कुठायत? ते याच इमारतीत तयार व्हायचे होते, आणि ते मी वर्षभर जाळीबाहेर उभे केले.

जाळीबाहेर म्हणजे खरोखरच जाळीबाहेर. सत्तावन्नाव्या वर्षी आपली रजा घालवून, पुण्याला पंधरा दिवस राहून, हे सगळं शिकून आलेला हा माणूस शेडच्या जाळीतून बोट दाखवून तास घ्यायचा. "त्या तिकडं, सीटखाली, कंट्रोलर असतोय." गडमुडशिंगीची स्वप्नाली म्हणाली, "सर, दिसत न्हाय की." सर म्हणाले, "मलाबी दिसत न्हाय. पण असतोय, बाळ."

ती बॅच पास होऊन गेली. प्रमाणपत्रावर 'इलेक्ट्रिक वाहन दुरुस्ती' असं छापलंय. स्वप्नाली एका सर्व्हिस सेंटरला मुलाखतीला गेली. त्यांनी सांगितलं, बॅटरी सोडवून दाखव. पोरगी म्हणाली, "मी जाळीतनं बघितलीया." त्यांनी परत पाठवलं. हे कळलं त्या दिवशी सरांनी डबा उघडला नाही, आणि मला काही बोललेही नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. ती पोरगी आज सरांना नमस्कार करायला आलीय, मागं दाराजवळ उभी आहे. तिच्याकडं बघायची मला लाज वाटते.

आज सकाळी मी शेडचं कुलूप काढलं. उंदरांनी वायरी कुरतडल्यात, म्हणजे उद्घाटन त्यांनीच उरकलं म्हणायचं. चावी फिरवली तर एकही दिवा लागेना. सरांना फोन करून म्हटलं, सर, माफ करा, गाडी बंद पडलीया. ते म्हणाले, "बंद हाय? मग बरंच झालं की. चालू गाडीवर काय शिकवायचं?"

अध्यक्ष महोदय, आत्ता साडेचार वाजलेत. सरांची नोकरी पावणेसहाला संपते. म्हणजे अजून सव्वा तास ते या संस्थेचे शिक्षक आहेत. शाल आणि श्रीफळ पावणेसहानंतरही देता येईल, तास देता येणार नाही. चावी मी इथं, नारळाशेजारी ठेवतोय. फितीला कात्री नको, सरांच्या खिशात पक्कड असतेच. मला मेमो द्यायचा असेल तर अवश्य द्यावा. कागद माझ्याच भांडारात आहे, मी काढून देतो.

आपण सर्वांनी एवढा वेळ ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या. चौदा महिन्यांचं मात्र पदरात घेऊ नका, ते माझं आहे. चावीच्या वहीत मी सकाळीच लिहून ठेवलंय. नेणाऱ्याचं नाव, इमाम मुजावर. कारण, शिकवणे.

सर, उठा आता. मागं बघा, स्वप्नालीसकट सगळी पोरं कधीच खाली गेलीत.