आनंद सरांनी परत पाठवलेला पॅच

बसलेल्या सगळ्यांना माझा जयभीम, माझा नमस्कार.

मला किती बोलता येईल, माहीत नाही. काल सरांच्या घरी सुनंदाकाकू म्हणाल्या, "ज्योती, तू बोल. चांगलं बोल. शेवटी रोज तूच होतीस त्यांच्याजवळ." म्हणून उभी राहिले. मी ज्योती राठोड, फुलसावंगीची. सरांची विद्यार्थिनी. नात्यागोत्याची कोणी नाही.

माझ्या आधी जे बोलले, त्यांनी सांगितलं की आनंद गजभिये सर मनमिळाऊ होते, त्यांनी कधी कुणाला दुखवलं नाही. मंडळी, मी इथे खोटं बोलणार नाही. सर मनमिळाऊ नव्हते. त्यांनी अर्ध्या महागावला दुखवलं आहे, आणि ती माणसं मला इथे बसलेली दिसतायत. ते बघा, झेरॉक्सवाले काका मान हलवतायत. काका प्रिंटर घेऊन त्यांच्या दारात गेले होते. त्यांना वाटलं, कॉम्प्युटरवाला माणूस आहे, पाहील. सरांनी दार अर्धंच उघडलं. "मी प्रिंटर पाह्यत नाही. तुमचा वेळ फुकट असन, माहा नाही." आणि दार लावून घेतलं. तरी काका आज दुकान बंद ठेवून आलेत.

मग हा माणूस करत काय होता? तुमच्यापैकी बऱ्याच जणांना अजून माहीत नाही. पुण्याची नोकरी ते घरी बसून करत, हे माहीत आहे. पण त्यांचं खरं काम दुसरं होतं. त्याचा पगार नव्हता.

कॉम्प्युटर, मोबाइल, मशिनी, या सगळ्यांच्या आत एक गाभा असतो. त्याला कर्नल म्हणतात. सर ज्या कर्नलवर काम करत, तो कुणा एका कंपनीचा नाही. जगभरातली माणसं त्यात दुरुस्त्या पाठवतात. त्या दुरुस्तीला पॅच म्हणतात. पॅच मेलवर येतो, सगळ्यांसमोर. ज्या माणसाकडे तो भाग सोपवलेला असतो, तो ओळ न् ओळ वाचतो आणि घेतो किंवा परत पाठवतो. सरांकडे एका लहानशा चिपशी बोलणारा भाग होता. तसली चिप कापसाच्या जिनिंगमधल्या वजनकाट्यात असते. दवाखान्यात सलाइनचे थेंब मोजणाऱ्या पंपातही असते. तो भाग इतकी वर्षं इथून, महागावातून सांभाळला जात होता. आणि सर पॅच परत पाठवत. घेत कमी, परत पाठवत जास्त.

मी इंजिनिअरिंग करून गावात बसले होते. नोकरी नव्हती. माझी याडी, म्हणजे आई, मला घेऊन सरांकडे आली. "साहेब, पोरीले काही शिकवा." सरांनी मला विचारलं, "दुसऱ्याचं लिहिलेलं वाचता येते का तुले?" मी हो म्हटलं. "मंग वाच. लिहू नको." कित्येक महिने मी नुसती वाचत होते.

पुढे मी पहिला पॅच पाठवला. मला वाटलं, मी रोज त्यांच्या घरात बसते, चूक असली तर हळूच सांगतील. मी शेजारच्या खुर्चीवर बसलेली असताना त्यांनी सगळ्या जगासमोर मेल टाकला: हा पॅच लिहिणाऱ्याने तो एकदाही चालवून पाहिलेला नाही. माझं नाव वर, हे वाक्य खाली. मला रडू आलं. सरांनी मान वळवली नाही. "रडायचं असन तं बाहेर रड. अन् मंग येऊन दुरुस्त कर. मशीनले तुही दया येत नसते."

मंडळी, मी त्या दिवशी जीपमध्ये तोंडावर ओढणी घेऊन फुलसावंगीला गेले. आणि दुसऱ्या दिवशी परत आले. काहून आले, ते आजही सांगता येत नाही.

मग त्यांची बोटं जायला लागली.

आधी मेलमध्ये अक्षरं चुकायला लागली. सरांच्या मेलमध्ये! मग उत्तरांना उशीर व्हायला लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मज्जातंतूंचा आजार आहे. हात जातील, मग जीभ जाईल. औषध नाही. सर घरी आले आणि मला म्हणाले, "आजपासून मी बोलीन, तू टाइप कर. तुह्या मनाचा एक शब्द टाकू नको."

मेलवरच्या तिकडच्या माणसांना हे काय माहीत? एका कंपनीचा पॅच अडकला होता. त्यांच्या माणसाने सगळ्यांसमोर लिहिलं, त्या गावात कुणी जागं आहे का? त्यावर लोक हसले. मी म्हटलं, "सर, मी सांगते त्यांना, तुम्ही आजारी आहात." सर इतके संतापले की त्यांच्या तोंडातून लाळ आली. "खबरदार! माह्या आजारापायी कोणी पॅचबद्दल नरम बोलन, ते मले चालणार नाही."

मग तो पॅच आला.

सरांनी मेलवर घडवलेला एक परदेशी माणूस होता. सात-आठ वर्षं सरांनी त्याच्या चुका काढल्या. नाव घेत नाही, तो इथे उत्तर द्यायला नाही. त्याने एक ओळ काढून टाकणारा पॅच पाठवला. कर्नलमध्ये एक यादी असते, कोणता भाग कोण सांभाळतो त्याची. तिच्यातली सरांच्या नावाची ओळ. कारण लिहिलं होतं, बऱ्याच काळापासून प्रतिसाद नाही.

सर म्हणाले, "वाच. मोठ्यानं वाच." मी वाचलं. सुनंदाकाकू ताट घेऊन दारात उभ्या होत्या. त्या तशाच मागे फिरल्या. सर म्हणाले, "अजून एकदा." मी परत वाचलं.

मग त्यांनी एकेक शब्द जुळवत उत्तर सांगितलं: पॅच चुकीचा आहे. नाव काढलं, पण त्याच्याखाली 'सांभाळलं जातं' असं तसंच ठेवलं. सांभाळतं कोण? दुरुस्त करून पाठव.

आपलं स्वतःचं नाव काढणारा पॅच त्यांनी तपासला हो. आणि परत पाठवला. तिकडे बोंब झाली. म्हातारा खुर्ची सोडत नाही, कुणीतरी लिहिलं. म्हातारा! पन्नाशी नव्हती ओलांडली त्यांनी. मग दुरुस्त पॅच आला. नाव नाही, आणि 'सांभाळलं जातं'च्या जागी 'अनाथ'. तसा शब्दच आहे तिथे. सर म्हणाले, "आता बरोबर. मंजुरी दे." मी दिली.

मला वाटलं होतं, ते माझं नाव घालायला सांगतील. मी वाट पाहत होते. शेवटी मीच विचारलं, "सर, माझं नाव?"

"तुहं नाव तू पाठव. मी टाकलं तं तू माही बसवलेली होशीन."

मी नाव पाठवलं, सोबत त्या भागात मी केलेली एक दुरुस्तीही. तिकडून विचारणा झाली: ही कोण? आधी सांभाळणाऱ्याचं मत काय? मी तो मेल सरांना वाचून दाखवला. आनंदात वाचून दाखवला. आणि सर म्हणाले, "टाइप कर. नाही. अजून नाही."

मी की-बोर्डवरचे हात काढून घेतले.

"चिप गप्प झाली तं तुहा कोड जुनाच आकडा पुढे ढकलते. थेंब थांबले तरी पंप म्हणन, चालू हायेत. चिप बोलत नसन तं चूक हाय म्हणून सांग. तू खोटं बोलून राह्यली, ज्योती. टाइप कर."

मंडळी, माझा नकार मी माझ्या हाताने लिहिला. त्यांच्या नावाने. सगळ्या जगासमोर. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "अहो, त्या पोरीले एकदा तरी चांगलं म्हणा ना." सरांची जीभ तोवर जड झाली होती. तरी ते वाक्य त्यांनी पूर्ण केलं. "चांगलं असतं तं म्हटलं असतं."

त्यांची चूक नव्हती. मी घरी जाऊन पाहिलं, कोड तसाच होता. ते म्हणाले तसा. म्हणून राग कमी झाला का? नाही झाला. मी रागाच्या भरात तो भाग मुळापासून लिहिला. पुन्हा पुन्हा चालवून पाहिला. चिपची तार हाताने उपटून पाहिलं. तार उपटली की कोड ओरडत होता, चूक आहे, चूक आहे. मी तो घेऊन सरांकडे आले.

तोवर सरांचं बोलणं गेलं होतं. मी त्यांना सगळा पॅच वाचून दाखवला. विचारलं, "सर, आता बरोबर आहे का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले.

गेल्या काही दिवसांत मला इथल्या कितीतरी जणांनी समजावलं, पोरी, तो होकारच होता. मला नाही माहीत. माणूस थकला तरी डोळे मिटतो. मी त्याला होकार म्हणणार नाही. जे त्यांनी सांगितलं नाही, ते मी त्यांच्या नावाने लिहिणार नाही.

सर गेल्यानंतर तो पॅच घेतला गेला. यादीत आता माझं नाव आहे. सरांनी ते पाहिलं नाही. आणि त्या परदेशी माणसाचा मेल आला. आम्हाला कल्पना नव्हती, फार वाईट वाटलं, तुम्ही सांगितलं का नाही? मी एका ओळीत उत्तर दिलं. तुम्ही विचारलं नव्हतं.

सुनंदाकाकू, तुम्ही मला चांगलं बोलायला सांगितलं होतं. मला जमलं ते हेच.

आता आपण सगळे उभे राहू, आणि थोडा वेळ कुणी काही बोलणार नाही. सरांना माफ करून उभं राहावं, असं मी म्हणणार नाही. ज्यांना त्यांनी दुखवलं, त्यांनी रागातच उभं राहावं. मी तशीच उभी राहते आहे.